डिस्कससाठी टाकी केवढी?

मैदानी स्पर्धांतील थाळीफेक तुम्ही पाहिली असेल. त्या थाळीला इंग्रजीत डिस्कस म्हणतात. याच नावाचा एक मासा आहे. बाजूने पाहिला तर तो थाळीसारखा गोल दिसतो आणि समोरून पाहिला तर वहीसारखा पातळ. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यात आहे. तेथील संथ, कोमट पाण्यात बुडालेल्या झाडांच्या फांद्या आणि मुळे असतात. त्यांच्या फटींतून हा चपटा मासा सहज आत शिरतो. १८४० मध्ये योहान याकोब हेकेल या ऑस्ट्रियाच्या प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन लिहिले. आज तो जगभर लोकांच्या घरी काचेच्या टाकीत दिसतो. निळे, लाल, पिवळे असे त्याचे अनेक रंग माणसाने तयार केले आहेत.

हे रंग पाहूनच मी फसलो. काही वर्षांपूर्वी मी बाजारातून चार डिस्कस आणले. प्रत्येक मासा बिस्किटाएवढा, म्हणजे सहा सेंटिमीटरांचा होता. दुकानदार म्हणाला, "सर, दीड फुटाची टाकी पुरे. मासा टाकीच्या मापानेच वाढतो." मला ते पटले. टाकी ४५ सेंमी लांब, २५ सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच होती. दोन महिन्यांत दोन मासे मेले. तिसरा काळा पडून कोपऱ्यात उभा राहू लागला आणि काही दिवसांनी तोही गेला. चौथा जगला, पण वाढला नाही. त्याचे डोळे मात्र शरीराच्या मानाने मोठे दिसू लागले. अब्बा मला म्हणाले, "तू शाळेत मुलांना रोज घनफळ शिकवतोस. घरी एकदा तरी मोजलेस का?"

मी मोजले नव्हते. आता आपण मिळून मोजू या.

उर्दूत आपण लंबाई, चौडाई आणि ऊंचाई म्हणतो. मराठीत लांबी, रुंदी आणि उंची. पाण्याच्या बाबतीत मराठीत 'खोली' असेही म्हणतात. गंमत अशी की ज्या खोलीत आपण राहतो तिलाही हाच शब्द आहे, म्हणून दुकानात बोलताना घोटाळा होऊ देऊ नका. तिन्ही मापे सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करा आणि त्याला १००० ने भागा. उत्तर लिटरमध्ये मिळते. माझ्या टाकीचे घनफळ ४५ × २५ × ३० म्हणजे ३३,७५० घन सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम ३४ लिटर. तीही काठोकाठ भरली तर!

आता डिस्कसला किती पाणी लागते ते पाहू. पूर्ण वाढलेला डिस्कस निदान १५ सेंमी लांब होतो. चांगला पोसला तर १८ ते २० सेंमीपर्यंतही जातो. वरचे आणि खालचे पर धरले तर त्याची उंचीही जवळपास तेवढीच भरते. हा मासा एकटा सुखाने राहत नाही. दोघे-तिघे ठेवले तर बलवान मासा दुबळ्याच्या मागे लागतो आणि त्याला खाऊ देत नाही. पाच-सहा असले की ही दांडगाई सर्वांत वाटली जाते आणि एकावरच मार बसत नाही. अनुभवी पाळणारे एका मोठ्या डिस्कसला सुमारे ४० लिटर पाणी धरतात. सहा माशांना २४० लिटर झाले. कुठे २४० आणि कुठे माझे ३४!

पण मासा टाकीच्या मापाने वाढतो, हे खरे की खोटे? लहान टाकीत मासा लहान राहतो, हे खरे आहे. मात्र तो टाकीचे माप पाहून वाढायचा थांबत नाही. त्याची वाढ खुंटते, आणि त्याचे मोठे कारण घाण पाणी हे असते. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच मलमूत्र टाकतो. त्यातून अमोनिया नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. फिल्टरमधील उपयोगी जिवाणू अमोनियाचे हळूहळू कमी विषारी पदार्थात रूपांतर करतात, पण तो पदार्थही पाण्यातच साठत राहतो. मूठभर मीठ बिर्याणीच्या देगेत टाकले तर चव येते. तेच चहाच्या भांड्यात टाकले तर चहा ओतून द्यावा लागतो. चार माशांची तीच घाण २४० लिटरांऐवजी ३४ लिटरांत मिसळली, तर पाणी सातपट घाण होते. शिवाय पिल्ले वाढीसाठी दिवसातून अनेकदा खातात. म्हणून 'मासे लहान आहेत, तोवर टाकीही लहान चालेल' हा हिशेब उलटा आहे. मोठी टाकी असली तरी दर आठवड्याला थोडे पाणी बदलावे लागतेच.

आता टाकीचा आकार. समजा, दोन टाक्या आहेत. एक १२० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ४५ सेंमी उंच. दुसरी ६० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ९० सेंमी उंच. गुणाकार करून पाहा. दोन्हींत २४३ लिटरच पाणी मावते. उंच टाकी कमी जागा अडवते आणि दिवाणखान्यात शोभतेही. मग तीच का घेऊ नये?

पाण्याचा वरचा पृष्ठभाग मोजा. लांब टाकीत तो १२० × ४५ म्हणजे ५,४०० चौरस सेंटिमीटर आहे, तर उंच टाकीत फक्त २,७००. हवेतील प्राणवायू याच पृष्ठभागातून पाण्यात विरघळतो. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सियसचे गरम पाणी लागते, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. चहाचे आधण ठेवल्यावर उकळी फुटण्याच्या आधीच पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतात ना? ती पाण्यातून बाहेर पडणारी हवाच असते. म्हणून डिस्कसच्या टाकीचा पृष्ठभाग मोठा हवा. लांब टाकीत दुबळ्या माशाला दूर पळायलाही जागा मिळते. ९० सेंमी खोल टाकीच्या तळाची घाण काढायला हात पुरत नाही, ही अडचण वेगळीच.

पण टाकी फार उथळही चालत नाही. थाळीसारख्या उभ्या शरीराला पर पसरून वर-खाली फिरता आले पाहिजे. पाण्याची खोली ४५ सेंमीपेक्षा कमी नसावी. वर थोडी जागा रिकामी ठेवावी लागते, म्हणून टाकी ५० सेंमी उंच घ्यावी. रुंदी ४५ सेंमी असली तर मासा आरामात वळतो; जागा असेल तर ६० सेंमी अधिक चांगली. ही सर्व मापे आतून घ्यावीत, कारण काचेची जाडीही जागा खाते.

टाकी मोठी असल्याचा आणखी एक फायदा आहे. वीज गेली की हीटर आणि फिल्टर दोन्ही बंद पडतात. थंडीच्या रात्री ३४ लिटर पाणी लवकर गार होते. २४० लिटर पाणी हळूहळू गार होते आणि माशांना वेळ मिळतो.

एका ठिकाणी मात्र लहान टाकी योग्य असते. नर-मादीची जोडी जमली की ती ४५ सेंमी लांबी, रुंदी आणि उंचीच्या टाकीत वेगळी ठेवतात. तिच्यात सुमारे ९० लिटर पाणी मावते. डिस्कसची पिल्ले पहिले काही दिवस आई-बापाच्या अंगावर सुटणारा चिकट द्रव खाऊन जगतात. टाकी फार मोठी असली तर ती आई-बापापासून भरकटतात आणि उपाशी मरतात.

हा सगळा हिशेब केल्यावर मी मोठी टाकी आणायला निघालो होतो. तेवढ्यात अब्बांनी आणखी एक प्रश्न विचारला : "वजन किती?" एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. २४० लिटर पाणी, त्यावर जाड काचांचे पन्नास-साठ किलो आणि लोखंडी स्टँड. सगळे मिळून सव्वातीनशे किलोंच्या पुढे जाते. म्हणजे चार-पाच मोठी माणसे एकाच जागी रात्रंदिवस उभी आहेत असे समजा. आमचे घर जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जमीन लाकडी तुळयांवर पेललेली आहे. मी बेत सोडून दिला.

उरलेला मासा एका मित्राला दिला. त्याची चार फुटी टाकी तळमजल्यावर पक्क्या फरशीवर आहे. तेथे त्या माशाचा काळेपणा गेला आणि तो खाऊ लागला. थोडा वाढलाही, पण इतरांएवढा कधीच झाला नाही. आमच्या जुन्या टाकीत आता आठ-दहा गप्पी मासे आहेत. त्यांना ३४ लिटर पुरतात. पिल्ले फार झाली की वर्गातील मुले बरण्या घेऊन येतात, आणि मी आधी बरणीचे माप विचारतो.