घड्याळाला पाऊल कसे कळते?

समजा, आजोबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. डॉक्टरांनी त्यांना रोज थोडे थोडे चालायला सांगितले आहे. नातवाने हौसेने त्यांच्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ बांधले. आजोबांनी काठी टेकत, सावकाश, व्हरांड्यात दहा फेऱ्या मारल्या. एका फेरीत वीस पावले, म्हणजे एकूण २००. घड्याळाने दाखवली अवघी ६०! इकडे आई ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती. तिच्या मनगटावरच्या घड्याळात मात्र पावले वाढली. जो चालला त्याची पावले बुडाली आणि जी जागची हलली नाही तिच्या खात्यावर जमा झाली! हा काय प्रकार आहे?

विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर एका वाक्यात सांगता येईल. घड्याळ पावले मोजत नाही. ते हिसके मोजते आणि त्यांतले कोणते हिसके पावलांचे असावेत याचा तर्क करते.

जुन्या काळचा पेडोमीटर कमरेला अडकवीत. त्यात स्प्रिंगने तोलून धरलेली एक छोटी तरफ असे. पाऊल पडले की शरीर किंचित खालीवर होई, तरफ हले आणि दातेरी चाक एक दाता पुढे सरके. आजच्या घड्याळात आणि मोबाइल फोनमध्ये तरफेची जागा त्वरणमापकाने घेतली आहे. तत्त्व मात्र आपल्या ओळखीचेच आहे. एस. टी. एकदम सुटली की उभे प्रवासी मागे झुकतात आणि ब्रेक लागला की पुढे. हे जडत्वामुळे घडते. सिलिकॉनच्या काही मिलिमीटर आकाराच्या चकतीत असाच एक अतिसूक्ष्म ‘प्रवासी’ नाजूक पट्ट्यांवर टांगलेला असतो. घड्याळ हलले की तो किंचित मागे राहतो. त्यामुळे त्याच्यातील आणि शेजारच्या पट्टीतील अंतर बदलते, अंतराबरोबर विद्युत धारकता बदलते आणि त्यावरून त्वरण कळते.

असे मापन परस्परांना लंब अशा तीन दिशांनी होते. तिन्ही घटकांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढले की एकूण त्वरण मिळते. म्हणूनच फोन खिशात उभा असो वा आडवा, फारसे बिघडत नाही. उपकरण टेबलावर स्थिर असताना हा आकडा सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असतो. आपण चालू लागलो की तो ९.८ च्या वरखाली होऊ लागतो. त्याचा आलेख काढला तर डोंगररांगेसारखी शिखरे दिसतात. साधारणपणे एक शिखर म्हणजे एक पाऊल.

पण प्रत्येक शिखर पावलाचे नसते. म्हणून उपकरणात काही नियम घातलेले असतात. शिखर पुरेसे उंच हवे. दोन शिखरांमधला काळ चालीला शोभणारा हवा. सामान्य चालीत आपण सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो, तेव्हा हा काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो. शिवाय अनेक उपकरणे अशी काही शिखरे ओळीने आल्याखेरीज मोजणी सुरूच करीत नाहीत.

आता आपले कोडे सुटते. आजोबांची चाल संथ, म्हणून शिखरे बुटकी आणि दूरदूर. काठीचा हात फारसा झुलत नाही. फेरीच्या टोकाला ते वळतात तेव्हा ओळ तुटते आणि पुढची काही पावले वाया जातात. उलट, पोळी लाटताना आईच्या हाताला ठेका असतो. तो चालीच्या ठेक्याशी जुळला की घड्याळ फसते. हातगाडी ढकलणाऱ्या माणसाचे मनगट मात्र जवळजवळ स्थिर राहते. तो दिवसभर चालला तरी मनगटावरचे घड्याळ त्याला पुरता न्याय देत नाही.

मग नियम सैल का करू नयेत? पिठाची चाळणी आठवा. भोके मोठी केली तर पिठाबरोबर कोंडाही खाली येतो. फार बारीक केली तर कोंडा अडतो, पण जाडसर पीठही वरच राहते. येथेही तसेच आहे. नियम सैल केले की खोटी पावले वाढतात. कडक केले की खरी पावले गळतात. नियम सुधारून दोन्ही चुका कमी करता येतात, पण पूर्ण नाहीशा होत नाहीत.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली अशी एक चाचणी प्रसिद्ध केली. १४ निरोगी प्रौढांना फिरत्या पट्ट्यावर ५०० आणि १५०० पावले चालायला लावले. खिशातल्या फोनच्या मोजणीत सरासरी ६.७ टक्के कमी ते ६.२ टक्के जास्त एवढा फरक आढळला. अंगावर बांधायच्या उपकरणांत तो १.५ टक्के कमीपासून २२.७ टक्के कमीपर्यंत होता. ही निरोगी माणसांची गोष्ट झाली. संथ चालीत पावले अधिक गळतात. म्हणजे ज्यांना या आकड्याचा आधार हवा, त्या वृद्धांना आणि आजाऱ्यांनाच तो जास्त दगा देतो.

आता एक प्रयोग करून पाहा. दोघे जण लागतील. एकाने चालायचे, दुसऱ्याने दर दहा पावलांना एक चिंचोका बाजूला काढायचा. वीस चिंचोके झाले की २०० पावले पुरी. आकडा कधी कधी उशिरा बदलतो, म्हणून थोडे थांबून मग नोंद घ्या. हाच प्रयोग नेहमीच्या चालीने, अगदी संथ चालीने, हात खिशात घालून आणि दर दहा पावलांना थांबून करा. दाखवलेल्या आकड्यातून खरा आकडा वजा करा, खऱ्या आकड्याने भागा आणि १०० ने गुणा. ही झाली शेकडा चूक.

एक सावधगिरी मात्र बाळगा. दिवसभराच्या बेरजेवरून घड्याळाची परीक्षा करू नका. समजा, ५०० खरी पावले गळली आणि ५०० खोटी मोजली गेली, तर बेरीज अचूक दिसेल. पण ती हजार चुकांनी बनलेली असेल! म्हणून चालणे आणि न चालता हात हलवणे यांची तपासणी वेगवेगळी करावी.

रोजच्या ‘दहा हजार’ पावलांविषयीही थोडेसे. १९६५ साली जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचा पेडोमीटर विक्रीस आला. या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’. हा आकडा तेथून रूढ झाला. तो प्रयोगशाळेतून आलेला नव्हता. तेव्हा घड्याळात ९,९०० दिसले म्हणून रात्री खोलीत येरझारा घालण्याचे कारण नाही.

आणि आजोबांचे काय? त्यांच्यासाठी चिंचोक्यांची वाटी पुरेशी आहे. एक फेरी झाली की एक चिंचोका. काल दहा होते, आज अकरा झाले, तर प्रगती झाली हे नक्की. मग घड्याळ काहीही म्हणो.