फुकटचे मांजर, रोजचे देणे

हौसेला मोल नसते असे म्हणतात. परंतु माणसाच्या हौसेचे मोल पुष्कळदा मुक्या जीवाला चुकवावे लागते. पर्शियन मांजर हे त्याचे ठळक उदाहरण होय. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी मांजरांचे प्रदर्शन भरविले. पुढे अशा प्रदर्शनांतील पसंतीनुसार पैदास होत गेली. केस दाट झाले, नाक बसत गेले. आज या मांजराला केवळ जिभेने आपले केस राखता येत नाहीत. रोज विंचरले नाहीत, तर त्यांच्या गाठी होऊन खालची कातडी ओढली जाते व चिघळते. चपट्या नाकामुळे श्वास अडतो, डोळे पाझरत राहतात.

मुंबई-पुण्याच्या सदनिकांतूनही ही मांजरे आता दिसतात. पिल्लू गोजिरवाणे असते तोवर त्याचे कौतुक होते. पुढे घरभर केस पसरतात, पशुवैद्याचा खर्च वाढतो, आणि एके दिवशी ते कोठेतरी सोडून दिले जाते. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविला. मात्र पहिल्या गुन्ह्यास दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपयांचा! एवढ्या दंडाचा धाक कोणाला वाटावा?

टाकलेले असे मांजर निवाऱ्यातून दत्तक घेणे हे निःसंशय सत्कृत्य आहे. परंतु हजारो रुपयांचे मांजर फुकट मिळते, एवढ्याच हिशेबाने तेथे जाणारा त्याला दुसऱ्यांदा बेघर करण्याचीच तयारी करीत असतो. घरातील सर्वांची संमती आहे काय, खिडक्यांना जाळी आहे काय, गावाला गेल्यावर मांजराला कोण पाहील, असे प्रश्न निवाऱ्याचे चालक विचारतात. पुष्कळांना ती चौकशी अपमानास्पद वाटते. वास्तविक तीच त्या जिवाची एकमेव हमी असते.

मांजर बारा-पंधरा वर्षे जगते. पाचवीतल्या मुलाच्या हट्टाखातर आणलेले पिल्लू तो मुलगा पदवीधर होऊन नोकरीला लागेपर्यंत घरात असणार. तितकी वर्षे रोज फणी हाती धरण्याची ज्याची तयारी असेल, त्याने ते अवश्य आणावे. ज्याची नसेल, त्याने गल्लीतल्या आखूड केसांच्या मांजराला घर द्यावे. माया तेही तितकीच लावते, आणि आपले केस आपणच राखते.