पाण्याची टाळेबंदी

देशाचे संरक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तोफा आणि विमाने उभी राहतात. पण शेतात पाणी नसेल आणि कोठारात धान्य नसेल, तर त्या तोफेमागे माणूस किती दिवस उभा राहील? सिंधूच्या पाण्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

१९४७ साली पंजाबची फाळणी झाली. माधोपूर व फिरोजपूर येथील कालव्यांची मुखे भारतात राहिली आणि त्यांवर भिजणारी पुष्कळ शेते पाकिस्तानात गेली. तात्पुरत्या समझोत्याची मुदत ३१ मार्च १९४८ रोजी संपली व दुसऱ्याच दिवशी पूर्व पंजाबने पाणी बंद केले. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. टाळेबंदी म्हणजे काय, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. वाद दरवाजाच्या मालकीचा असतो. चूल विझते ती भलत्याचीच. मे महिन्यात दिल्लीत बोलणी झाली आणि पाणी पुन्हा सुटले.

पुढे जागतिक बँकेने मध्यस्थी केली. १९ सप्टेंबर १९६० रोजी नेहरू व अयूबखान यांनी कराचीत करारावर सह्या केल्या. रावी, बियास, सतलज भारताकडे आल्या. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे गेल्या. त्यांवर भारतास वीजनिर्मिती, ठराविक शेती व मर्यादित साठा यांची मुभा राहिली. तंटा झाल्यास आधी दोन्ही आयुक्त, मग तटस्थ तज्ज्ञ, शेवटी लवाद, अशा पायऱ्या ठरल्या. १९६५ व १९७१ ची युद्धे झाली, तरी करार मोडला नाही.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे निरपराध माणसांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी भारताने हा करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. लोकांचा संताप रास्तच होता. परंतु घोषणेने नदी थांबत नाही. चिनाबवरील सलाल व बगलिहार येथील धरणे मुख्यतः वाहत्या पाण्यावर वीज करणारी; उन्हाळ्यात बर्फ वितळून येणारा लोंढा त्यांत मावत नाही. तो अडवावयाचा किंवा वळवावयाचा तर मोठे जलाशय व डोंगरांतून बोगदे हवेत. म्हणजे अनेक वर्षे, अफाट पैसा आणि हजारो मजुरांचे जीव धोक्यात.

शिवाय आपल्या वाट्याच्या पाण्याचे काय? रावी-बियासच्या पाण्यावरून पंजाब व हरियाणा दशकानुदशके भांडत आले आणि सतलज-यमुना जोडकालव्याचे काम १९९० पासून अडून पडले. पंजाबात तर जमिनीखालचे पाणी पावसाने भरून निघते त्याहून अधिक उपसले जाते. ही गळती कोणत्याही शत्रूने लावलेली नाही. सरहद्दीवर पहारा हवाच. पण घरच्या पाण्याची न्याय्य वाटणी व काटकसर हेही संरक्षणाचेच काम आहे, आणि ते आपणा नागरिकांच्या हातचे आहे, असे आम्हांस वाटते.