भिंतीवरचे धावते घोडे

नाशिकच्या मेन रोड, रविवार कारंजा परिसरातील अनेक दुकानांत लक्ष्मीच्या तसबिरीसोबत आणखी एक चौकट दिसते : उधळलेल्या सात घोड्यांची. उद्घाटनाला आप्तेष्ट हे चित्र हौसेने भेट देतात. घोडे सातच असावेत, त्यांची तोंडे दुकानाच्या आत असावीत, लगाम नसावा, असे संकेतही सांगितले जातात.

सातचा आकडा सूर्याच्या रथाशी जोडला जातो. तेराव्या शतकातील कोणार्कच्या मंदिरात तो रथ दगडात साकारला आहे. मात्र ते घोडे रथाला जुंपलेले आहेत, मोकाट नाहीत. भिंतीवरच्या चित्रात सूर्य राहिला नाही, सारथी राहिला नाही. उरला तो केवळ वेग.

चित्र म्हणूनही त्याकडे डोळसपणे पाहावे. पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून चारही पाय अधांतरी दाखवण्याची प्रथा युरोपीय चित्रकारांत दीर्घकाळ होती. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे टिपली, तेव्हा उलगडा झाला. घोडा अधांतरी असतो खरा, पण पाय पोटाखाली जवळ आलेले असताना! आपल्या मातीतले उदाहरण म्हणजे १९१५ साली पंढरपूर येथे जन्मलेले मकबूल फिदा हुसेन. त्यांच्या मोजक्या, जोरकस रेषांतील घोड्यांनी जगभर कीर्ती मिळवली. हजार-दोन हजारांची छापील चौकट घेण्याऐवजी तेवढ्याच रकमेत एखाद्या होतकरू स्थानिक चित्रकाराचे मूळ रेखाटन मिळत असेल, तर तो व्यवहार अधिक शहाणपणाचा ठरेल.

घोडा जैन परंपरेला परका नाही. तिसरे तीर्थंकर भगवान संभवनाथ यांचे लांछन अश्वच आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात केशीकुमार श्रमण गौतमस्वामींना विचारतात, की तुम्ही ज्या दुष्ट, बेफाम घोड्यावर आरूढ आहात, तो तुम्हाला उन्मार्गाला कसा नेत नाही? गौतमस्वामी उलगडा करतात, की तो घोडा म्हणजे मन. श्रुतज्ञानाच्या लगामाने ते त्याला आवरतात.

घोड्याला मारावे वा बांधून ठेवावे, असे तेथे सांगितलेले नाही. त्याला वळण लावावे, एवढेच सांगितले आहे. व्यापाराचेही तसेच आहे. उलाढाल धावावी, पण वसुली मागे राहून उधारीच पुढे धावू लागली, किंवा खेळत्या भांडवलासाठी काढलेले कर्ज जमिनीत अडकले, तर भिंतीवरचे सात घोडे हप्ता भरावयास येत नाहीत. खरी बरकत रोजच्या रोज मिळवलेल्या खतावणीत आणि पाळलेल्या शब्दात असते.

चित्र अवश्य लावावे. ते सुंदर आहे, उमेद देते. त्यात चित्रकाराने न काढलेला लगाम मात्र गादीवर बसणाऱ्याने आपल्या हाती ठेवावा.