कीर्तनातले महाराज डाव्या कानातून गायब! डॅकचा व्हॉल्यूम आणि स्टिरिओ विड्थ नीट कशी लावायची?

दिवाळीला शिरूर कासारला घरी गेलो होतो. बॅग खाली ठेवतोय तोच चुलत भावाने टाइप-सीचं एक छोटं डॉंगल हातात ठेवलं. "दादा, हे डबडं बिघडलंय. डावी बाजू गेली वाटतं. परत करायला दोनच दिवस राहिलेत."

त्याच्या नव्या फोनला हेडफोनचा जॅक नाही, म्हणून हे ऑनलाइन मागवलेलं. दिवसा तो त्यावर भरतीची लेक्चर्स ऐकतो, संध्याकाळी तेच इअरफोन आबांच्या कानात. आबांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नाही. गावातल्या सप्ताहातलं कीर्तन भावाने मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. ते लावून दिलं तर आबा म्हणाले, "टाळ वाजायलेत, पण महाराज कुठं गेले?"

डॉंगल ठणठणीत होतं. चुकल्या होत्या त्या सेटिंग्ज, आणि त्याही दोन.

आधी हे डॉंगल करतं काय ते बघू. फोनमधलं गाणं म्हणजे आकड्यांची लांबच लांब रांग. सीडीच्या दर्जाच्या ऑडिओत डाव्या आणि उजव्या बाजूसाठी सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० आकडे असतात, आणि १६ बिटमध्ये प्रत्येक आकडा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्यामध्येच बसावा लागतो. या आकड्यांची इअरफोनला चालेल अशी विजेची लहर बनवतो तो डॅक, म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. जॅकवाल्या फोनमध्ये इअरफोनसाठीचा डॅक आतच असायचा, इथे तो डॉंगलमध्ये आहे.

पहिली चूक व्हॉल्यूमची. आवाज कमी वाटला म्हणून भावाने '२०० टक्के'वालं बूस्टर ॲप टाकलं होतं. बूस्टर आकडे दुप्पट करतो. २०,००० चे झाले ४०,०००, पण जागा तर ३२,७६७ पर्यंतच. वरचं सगळं कापलं जातं, लहरीचं टोक सपाट होतं आणि आपल्याला खरखर ऐकू येते. एकदा टोक कापलं गेलं की नंतर व्हॉल्यूम कमी करून ते परत येत नाही. इक्वलायझरमध्ये बेस ६ डेसिबलने वाढवलात, तर त्याच ॲपमधला प्रीॲम्प ६ डेसिबलने खाली आणायचा, तोही याचसाठी. बूस्टर मी तिथल्या तिथे उडवला.

मग फोनचा व्हॉल्यूम कुठे ठेवायचा? तुमच्या डॅकला स्वतःचं बटण किंवा नॉब असेल तर इअरफोन आधी कानातून काढा, डॅकचा आवाज अगदी खाली आणा, फोनचा व्हॉल्यूम वर न्या आणि मग डॅकवरून हळूहळू वाढवा. बटणच नसेल तर फोनवरूनच कमी-जास्त करा, बिनधास्त. डिजिटल व्हॉल्यूम कमी केला की क्वालिटी मरते असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत, पण हिशोब करून बघा. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल. २४ बिटच्या मार्गावर ३० डेसिबल कमी केले तर ५ बिट गेले, १९ उरले. सीडीपेक्षा जास्तच. १६ बिटवर मात्र ११ उरतात, तिथे फरक पडू शकतो.

आणि लेक्चर तासन्‌तास ऐकणाऱ्यांसाठी एक आकडा: जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासच ऐकावं. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९२ ला फक्त अडीच तास! भावाला हे सांगितल्यावर तो थोडा गप्प झाला.

आता महाराज कुठे गेले ते. डॉंगलच्या ॲपमध्ये 'स्टिरिओ विड्थ' नावाचा स्लायडर होता आणि पोराने तो दुपटीला नेऊन ठेवला होता. हा स्लायडर नवा आवाज तयार करत नाही, फक्त बेरीज-वजाबाकी करतो. डावा आणि उजवा यांची बेरीज करून निम्मी केली की 'मधला' भाग मिळतो. वजाबाकी करून निम्मी केली की 'बाजूचा' भाग. विड्थ वाढवणं म्हणजे बाजूचा भाग मोठा करणं. ही बेरीज-वजाबाकी ॲलन ब्लमलाइन यांच्या १९३१ च्या स्टिरिओ पेटंटमध्येही आहे, म्हणजे ॲपवाल्यांनी फार मोठा शोध लावलाय असं नाही.

कीर्तनाचा हिशोब मांडू. भाऊ मांडवात बसला होता तिथून महाराजांचा आवाज उजवीकडून येत होता. सोयीसाठी धरू: उजवीकडे १८,०००, डावीकडे ६,०००. मधला भाग १२,०००, बाजूचा ६,०००. बाजूचा दुप्पट केला, १२,००० झाला. उजवीकडे १२ अधिक १२, म्हणजे २४,०००. डावीकडे १२ उणे १२.

शून्य.

आबांच्या चांगल्या कानातून महाराज गेले ते असे. इअरफोन उलटे घातले असते तर महाराज सापडले असते, पण मग टाळ गेले असते, कारण ते डावीकडे होते.

खरं तर इअरफोनवर विड्थ वाढवायची गरज क्वचितच पडते. स्पीकरवर डाव्या बाजूचा आवाज थोडा उजव्या कानातही जातो, इअरफोनमध्ये तसं होत नाही, त्यामुळे गाणं आधीच रुंद वाटतं. 'सैराट'मधला ऑर्केस्ट्रा ऐका, तो मुळातच पसरलेला आहे. उलट प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'मधल्या अभंगांवर स्लायडर कितीही ओढा, काही होणार नाही. मूळ रेकॉर्डिंग मोनो, दोन्ही बाजू सारख्या, वजाबाकी शून्य. शून्याची दुप्पट शून्यच.

मी विड्थ मूळ जागी आणली. त्याने महाराज परत आले, पण हळू, कारण डाव्या बाजूला मुळातच ६,००० होते. म्हणून आबांसाठी आणखी एक केलं: सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात 'मोनो ऑडिओ' चालू. आता दोन्ही कानांत तोच मधला भाग, १२,०००. आयफोनमध्येही ॲक्सेसिबिलिटीतच हा पर्याय आहे. जवळच डावा-उजवा बॅलन्स असतो, तो मधोमध आहे ना तेही बघून घ्या. घरात कुणाला एकाच कानाने ऐकू येत असेल, किंवा तुम्ही स्वतः एकच इअरबड घालून फिरत असाल, तर मोनो चालू करा.

डॉंगल परत गेलं नाही. आबांनी कीर्तन पहिल्यापासून लावायला सांगितलं, आणि भावाला त्या रात्री लेक्चर ऐकायला इअरफोन काही मिळाले नाहीत.