बुरशीची वाट पाहणारे द्राक्षमळे

हंगेरीच्या तोकाय भागातली 'ऑसू' ही जगातल्या सर्वांत मानाच्या गोड वाइन्सपैकी एक. ती तयार होते बुरशी लागलेल्या, सुरकुतलेल्या मण्यांपासून. ही वाइन घडते कशी आणि चार शतकांहून अधिक काळ तिचा मान टिकला कसा, याविषयी.

ऑक्टोबर संपत आला की हंगेरीच्या ईशान्य कोपऱ्यातल्या तोकाय भागात एकाच घडावर तीन तऱ्हेचे मणी दिसू लागतात. काही पिवळेधमक आणि टणक. काही तपकिरी-जांभळट, साल पातळ होऊन मऊ पडलेले. आणि काही पार आक्रसलेले, चॉकलेटी रंगाचे, अंगावर राखाडी लव धरलेले. आपल्याकडचा कुठलाही बागायतदार असा घड पाहून कपाळाला हात लावेल. तोकायचा शेतकरी मात्र या तिसऱ्या तऱ्हेच्या मण्यांसाठीच वर्षभर राबलेला असतो. इथे तोडणीला आलेली बाई अख्खा घड कापत नाही. ती घडातले नेमके सुरकुतलेले मणी दोन बोटांनी खुडते, बाकीचे वेलीवर राहू देते आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच वेलीपाशी येते. दिवसभर वाकून काम केल्यावर एका माणसाच्या हाती जेमतेम आठ-दहा किलो मणी लागतात. 'तोकायी ऑसू'च्या किमतीचं पहिलं कारण इथेच, या खुडणाऱ्या बोटांत आहे.

दोन नद्यांचं धुकं

तोकाय शहरापाशी बोद्रोग नदी तिसा नदीला मिळते. मागे झेम्प्लेनच्या डोंगररांगा आहेत, त्यांच्या दक्षिण उतारांवर सुमारे साडेपाच हजार हेक्टरांवर मळे पसरले आहेत. जमीन जुन्या ज्वालामुखींची, तोकायच्या टेकडीवर वर वाऱ्याने आणून टाकलेल्या पिवळसर मातीचा थर. शरद ऋतूत पहाटे नद्यांवरून आणि बोद्रोगकाठच्या पाणथळीतून दाट धुकं उठतं आणि मळ्यांत शिरतं. दुपारपर्यंत ऊन पडतं, वारा सुटतो आणि घड कोरडे होतात.

हे रोजचं ओलं-कोरडं चक्र 'बोट्रायटिस सिनेरिया' या बुरशीला मानवतं. ओल नसेल तर बुरशी लागत नाही. ओल हटलीच नाही तर हीच बुरशी घड नासवते, आंबट वासाची राखाडी कूज पसरते आणि पीक हातचं जातं. धुकं आणि ऊन यांचा मेळ कित्येक आठवडे जमून यावा लागतो. तो दरवर्षी जमत नाही आणि ज्या वर्षी जमत नाही, त्या वर्षी ऑसू अगदी थोडी होते किंवा होतच नाही. फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या सोतेर्न भागातही असाच खेळ चालतो. तिथल्या 'शातो दिकेम' या सर्वांत नावाजलेल्या घराण्याने २०१२ च्या हंगामाची वाइन बाजारात आणलीच नाही. पीक त्यांच्या पसंतीला उतरलं नव्हतं.

सालीच्या आत

तासगावच्या शेडवर बेदाणा कसा होतो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला पुढची गोष्ट लगेच कळेल. तिथे द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. सालीवरचा मेणाचा थर त्याने मोकळा होतो आणि मण्यातलं पाणी झपाट्याने उडून जातं. तोकायमध्ये हे काम बुरशी करते. तिचे तंतू सालीला सूक्ष्म छिद्रं पाडतात, त्यातून पाणी निघून जातं आणि मण्यात साखर व आम्ल दाटत जातं.

फरक पुढे पडतो. बेदाण्यात मुख्यतः पाणी जातं, इथे मण्याचं आतलं रसायनच पालटतं. बुरशी थोडी साखर आणि बरंचसं टार्टरिक आम्ल स्वतः खाते, ग्लिसरॉल तयार करते. त्यामुळे वाइनला जिभेवर रेशमी दाटपणा येतो. सुगंधाची नवी द्रव्यं जन्माला येतात. त्यातलं एक म्हणजे सोटोलॉन. आपल्या फोडणीतल्या मेथीदाण्याचा वास ज्याच्यामुळे येतो, तेच हे द्रव्य. जर्दाळू, मध, संत्र्याची साल, केशर अशी वर्णनं चाखणारे करतात, त्यांचा उगम बराचसा या सुरकुतलेल्या सालीत आहे.

जातीही तशाच लागतात. ऑसूसाठी सहा पांढऱ्या जातींना परवानगी आहे आणि त्यांत मोठा वाटा 'फुर्मिंट'चा. मग 'हार्शलेवेलू' आणि पिवळा मस्कट. फुर्मिंट उशिरा पिकतं, बुरशी सहज धरतं आणि मुख्य म्हणजे पिकल्यावरही आपला आंबटपणा सोडत नाही. इतकी साखर असलेलं पेय त्या आम्लाशिवाय नुसता पाक ठरलं असतं. ऑसूचा घोट गोड लागतो आणि गिळल्यावर तोंड स्वच्छ होतं, ही फुर्मिंटची करामत.

मणी ते पिंप

खुडलेले मणी मळ्यातून थेट दाबयंत्राकडे जात नाहीत. ते मोठ्या भांड्यात साठवले जातात. एकावर एक पडलेल्या मण्यांच्या वजनानेच तळाशी काही थेंब पाझरतात, कोणी दाब देत नाही. हा रस म्हणजे 'एसेन्सिया'. त्यात लिटरला किमान ४५० ग्रॅम साखर असावी, असा नियम आहे. प्रत्यक्षात ती याहूनही बरीच जास्त भरते. इतक्या साखरेत यीस्टचा जीव गुदमरतो. त्यामुळे एसेन्सिया वर्षानुवर्षं अगदी मंद आंबत राहते आणि तरी तिच्यातला अल्कोहोल तीन-चार टक्क्यांच्या आसपासच थांबतो. ती पेल्यात ओतायची नसते, चमच्याने चाखायची असते.

बाकीच्या मण्यांचा लगदा करतात किंवा ते तसेच अख्खे ठेवून त्याच हंगामातल्या ताज्या रसात, आंबत्या रसात किंवा नुकत्याच तयार झालेल्या वाइनमध्ये भिजत घालतात. एक-दोन दिवसांत मण्यांतली साखर, आम्ल आणि गंध त्या द्रवात उतरतात. मग हलक्या दाबाने रस काढून तो पुन्हा आंबवायला ठेवतात. सोतेर्नमध्ये बुरशी लागलेली द्राक्षं सरळ दाबून रस काढतात. रसात किंवा वाइनमध्ये मणी भिजवण्याची ही रीत तोकायची खासियत आहे.

किती मणी घालायचे, याचं माप पूर्वी मजुराच्या पाठीवर असे. 'पुत्तोन्य' म्हणजे पाठीवर घ्यायची लाकडी डालगी, साधारण २५ किलो मणी मावतील एवढी. गोंत्स गावच्या कारागिरांनी बनवलेल्या १३६ लिटरच्या पिंपात अशा किती डालग्या रिकाम्या केल्या, त्यावर वाइनची प्रत ठरे: तीन, चार, पाच, सहा. आज हा आकडा डालग्या मोजून नव्हे, लिटरमागे साखर मोजून ठरतो. २०१३ मध्ये नियम आणखी कडक झाला. तीन आणि चारच्या प्रती रद्द झाल्या. आता ऑसू म्हणवून घ्यायचं तर लिटरला किमान १२० ग्रॅम साखर हवी. सहा पुत्तोन्यसाठी १५० ग्रॅम हवी. ओकच्या पिंपात किमान अठरा महिने मुरल्याशिवाय ती बाटलीत भरता येत नाही. बाटलीही ठरलेली: अर्ध्या लिटरची, पारदर्शक काचेची, आतला सोनेरी रंग दिसू देणारी.

काळ्या भिंतींची तळघरं

मुरण्याची जागा म्हणजे ज्वालामुखीच्या मऊ दगडात हातांनी खोदलेली तळघरं. छत बुटकं, बोळ अरुंद, तापमान वर्षभर १०-१२ अंशांच्या आसपास आणि हवेत भरपूर ओल. भिंतींवर, छतावर, जुन्या बाटल्यांवर काळ्या मखमलीसारखा जाड थर चढलेला असतो. हीसुद्धा बुरशीच, पण वेगळी: 'झास्मिडियम सेलारे'. पिंपांतून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर ती जगते. मळ्यात एक बुरशी आणि तळघरात दुसरी, दोघींच्या सोबतीने ही वाइन वयात येते. चांगल्या वर्षाची ऑसू बाटलीत अनेक दशकं टिकते. साखर आणि आम्ल दोन्ही तिला सांभाळतात.

राजे, व्यापारी आणि पडझड

लोककथा सांगते की, १६३० च्या सुमारास तुर्की हल्ल्याच्या भीतीने तोडणी लांबली, घडांना बुरशी लागली आणि सेप्सी लाच्को माते नावाच्या धर्मोपदेशकाने त्यातूनच पहिली ऑसू केली. गोष्ट गोड आहे, पण कागद वेगळं बोलतात. १५७१ च्या एका दस्तऐवजातच ऑसूचा उल्लेख सापडला आहे.

ट्रान्सिल्व्हेनियाचा राजपुत्र फेरेन्त्स राकोत्सी याने ही वाइन फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारी धाडली. 'वाइनांचा राजा आणि राजांची वाइन' हे वर्णन या लुईच्या तोंडी घातलं जातं. रशियाच्या दरबाराला तर ती इतकी हवीशी होती की, १८ व्या शतकात खरेदीसाठी त्यांची माणसं तोकायमध्येच मुक्काम ठोकून असत. हंगेरीच्या राष्ट्रगीतातही तोकायच्या वेलींचं स्मरण आहे. फेरेन्त्स कोल्चेइने ते काव्य १८२३ मध्ये लिहिलं.

नशीब मात्र सरळ राहिलं नाही. सर्वांत मोठं गिऱ्हाईक पोलंड, तो १७७२ ते १७९५ या काळात शेजाऱ्यांनी वाटून घेतला आणि व्यापाराची वाट आखडली. १८८० च्या दशकात फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने मळे उजाड केले. पहिल्या महायुद्धानंतर सीमा बदलल्या आणि तोकायचा एक तुकडा आज स्लोव्हाकियात आहे. सर्वांत खोल जखम १९४४ ची. माद आणि आसपासच्या गावांत वाइनचा व्यापार पिढ्यान् पिढ्या ज्यू कुटुंबांनी सांभाळला होता. त्या वर्षी त्यांना औशवित्झच्या छळछावणीत नेण्यात आलं. मादची १८ व्या शतकाच्या अखेरीस बांधलेली सुंदर सिनेगॉग आज डागडुजी होऊन उभी आहे, पण जो समाज तिथे प्रार्थनेला जमत असे, तो उरला नाही.

पुढे साम्यवादी राजवटीत मळे सरकारी झाले. चढणीचे अवघड उतार ओस पडले, यंत्र फिरेल अशा सपाटीवर वेली लागल्या आणि प्रतीपेक्षा लिटर महत्त्वाचे ठरले. १९८९ नंतर चित्र पालटलं. ब्रिटिश वाइनलेखक ह्यू जॉन्सन यांच्या सहभागाने १९९० मध्ये 'रॉयल तोकायी' कंपनी उभी राहिली. फ्रेंच आणि स्पॅनिश पैसा आला. मादच्या इश्तवान सेप्सी यांच्यासारख्या स्थानिक वाइनकारांनी जुने उतार पुन्हा कसायला घेतले. पिंपात हवा जाऊ द्यायची की ते काठोकाठ भरून ठेवायचं, यावरून जुन्या आणि नव्या मंडळींत बरीच वर्षं वाद झडला. आज बहुतेकांचा कल फळाचा ताजेपणा जपणाऱ्या पद्धतीकडे आहे. २००२ मध्ये युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

नावाची राखण

एवढी पडझड होऊनही तोकाय पुन्हा उभं राहू शकलं, याचं मला दिसणारं सर्वांत मोठं कारण १७३७ चं आहे. त्या वर्षी राजाज्ञा निघाली आणि कोणत्या गावांच्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनला तोकायचं नाव लावता येईल, हे ठरलं. जगातल्या अगदी सुरुवातीच्या अशा हद्दबंदींपैकी ही एक. या नावासाठी हंगेरी पुढेही भांडत राहिली. इटलीतल्या फ्रिउलीच्या 'तोकाय' वाइनला आणि फ्रान्समधल्या अल्सासच्या 'तोके'ला युरोपीय नियमांनी २००७ मध्ये ते नाव सोडायला लावलं. हद्द आखलेली होती, रीत ठरलेली होती, म्हणून राजवटी कोसळल्या तरी परत जायला एक जागा शिल्लक राहिली.

आपल्या द्राक्षशेतीला ही बुरशी नको आहे आणि ते बरोबरच आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर आपला माल जानेवारी ते मार्चमध्ये हाती येतो. त्या दिवसांत ऊन चढत असतं, नदीकाठचं कित्येक आठवड्यांचं धुकं नसतं, आणि अवकाळी पाऊस आला तर तडकलेल्या मण्यांत फक्त कूज शिरते. नाशिकमध्ये शेनिन ब्लाँ जातीची द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून 'लेट हार्वेस्ट' गोड वाइन केली जाते. तो आपल्या हवेला मानवणारा मार्ग आहे. तोकायकडून घेण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण मानांकनाचा कागद म्हणजे केवळ सुरुवात. कोणत्या उतारावरचं कोणतं वाण, किती उत्पादन, किती मुरवण, हे नियम बागायतदारांनी आणि वाइनरींनी स्वतः लिहायला हवेत आणि वाईट हंगामात तोटा सोसूनही पाळायला हवेत. नाशिकचं नाव जगाच्या टेबलावर मानाने ठेवायचं असेल, तर या कामाला आताच लागलं पाहिजे.