वाघोबाचे नामशेष भाऊबंद

डहाणू-तलासरी भागांत वाघोबाची पूजा पूर्वापार चालत आली आहे. वारली लोक लांकडावर अगर दगडावर वाघ कोरतात, त्याच्या जोडीला चंद्र-सूर्य काढतात आणि वाघबारशीला नैवेद्य दाखवितात. ज्याचें भय त्याच्याशींच नातें जोडण्याची ही रीत पाहिली म्हणजे वाघ, बिबळ्या, कोल्हा व कुत्रा यांचें आपसांतील नातें काय, हा प्रश्न जिज्ञासू वाचकांस सुचणें साहजिक आहे.

त्याचें उत्तर येथील डोंगरांत मिळणार नाहीं. हा काळा पाषाण सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा आहे. या प्राण्यांचा विस्तार त्यानंतरचा. परंतु उत्तरेस सुरत जिल्ह्यांत, वस्तान येथील लिग्नाइट कोळशाच्या खाणींत, सुमारें साडेपांच कोटी वर्षांपूर्वींचे थर उघडे पडले. तेथील एका मांसाहारी प्राण्यास सुनील बाजपेयी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ सालीं ‘इंडोहायनोडॉन’ हें नांव दिलें. कुत्र्या-मांजरांचा हा पूर्वज नव्हे. त्यांच्या घराण्याशेजारीं वाढलेली ही निराळी, आज नामशेष झालेली शाखा होय.

भेद दांतांत आहे. मांस कापणारी दाढांची कात्री दोन्ही घराण्यांत होती. कुत्र्याच्या घराण्यांत वरची चौथी उपदाढ व खालची पहिली दाढ मिळून ती बनली आणि मागच्या दाढा दळण्यास मोकळ्या राहिल्या. म्हणूनच कोल्हा उंदरांप्रमाणें बोरेंही खातो व आपल्या ओसरीवरचा कुत्रा भाकरीवर राहतो. हायनोडॉनच्या घराण्यानें मागच्या दाढांचीच कात्री केली. जात्याला जागा उरली नाहीं. त्याच गोतांतील ‘डिसॉप्सॅलिस’ हा प्राणी सुमारें एक कोटी वर्षांपूर्वीं शिवालिकच्या रानांत होता. पुढें तोही संपला.

सारा दोष दांतांवर घालणेंही बरोबर नाहीं. मांजरकुळानें दळण्याच्या दाढा जवळजवळ टाकून दिल्या, तरी तें टिकलें. मात्र त्यामुळें बिबळ्याला मांसावांचून गति नाहीं. रानांतलें भक्ष्य सरलें कीं तो गोठ्याकडे, कुत्र्यांकडे वळतो आणि मग माणसाचें व त्याचें वैर जुंपतें.

डहाणूच्या रानांतून वाघ गेला, पाषाणावरचा वाघोबा तेवढा राहिला. बिबळ्याचीही तीच गत होऊं द्यावयाची नसेल, तर नैवेद्याबरोबर त्याचें रानही राखलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.